सात नंबरचं बोट

४ ऑगस्ट, सोमवार

आत्याचा नियम असा: जे पाहिलं ते एका ओळीत लिहायचं, जे वाटलं ते दुसऱ्या ओळीत. दोन्ही एकत्र कालवायचं नाही.

पायाच्या ऑपरेशनांमुळे मी आठ वर्षांची होईपर्यंत शाळेत गेलेच नाही. भीमाआत्याने मला माले गावातल्या घरी, ओट्यावर बसवून शिकवलं. तिच्याकडे एक पाटी होती आणि हा नियम. "आज आभाळ उदास आहे" असं मी एकदा लिहिलं, तर म्हणाली, "तुला कुणी सांगितलं? आभाळानं?" तेव्हापासून मी दोन ओळींत जगते. नोकरीला दोन महिने झाले आणि त्या ओळी एकमेकींत गुंतायला लागल्या, म्हणून वही परत काढली.

पाहिलं: आज सतरा पुऱ्या फुटल्या.
वाटलं: सगळ्या माझ्यामुळे.

म्हातारपणी ही वही उघडली तर मलाच कळायला हवं, म्हणून नीट लिहिते. पुण्याजवळ नांदे गावात कैलास सरांची शेड आहे. तिथे पूर्वी त्यांच्या वडिलांचा गोठा होता. आता तीन बाजूंना इमारती आणि मध्ये आम्ही. सरांनी हिंजवडीची नोकरी सोडली आणि मऊ रोबोट बनवायला घेतला. लोखंडी हात वगैरे नाही. रबराचं एक लांब बोट. हवा भरली की ते वेलाच्या तणाव्यासारखं, म्हणजे आधाराला धरणाऱ्या त्या हिरव्या तंतूसारखं, वळतं: टोक फळाभोवती वेटोळं घालतं, वरचा भाग स्प्रिंगसारखा आखडतो आणि फळ अलगद वर येतं.

म्हणजे यायला हवं. प्रत्यक्षात ते वर येताना भोवऱ्यासारखं गरगर फिरतं आणि खोक्याच्या कडेवर आपटतं. खरी फळं फोडणं सरांच्या जिवावर येतं, म्हणून आम्ही पाणीपुरीच्या पुऱ्या उचलतो. "ज्याला पुरी उचलता आली त्याला जग उचलता येईल," असं सर म्हणतात. फुटलेल्या पुऱ्या आम्ही खातो.

आम्ही चौघं. सर, कॉम्प्युटरवर बोटाचा आकार काढणारी अनुष्का, हवेचा पंप आणि प्रोग्राम सांभाळणारा निषाद, आणि मी. मी सळईवर रबराचा पातळ थर देते, त्यावर दोरा गुंडाळते, मग वरून पुन्हा रबर. दोरा ज्या अंगाने गुंडाळला त्या अंगाने बोट पीळ घेतं. म्हणजे सगळा खेळ दोऱ्याचा, आणि दोरा माझ्या हातात. काळजीने जेवण जात नाही. शिवाय पोटात आधीच सहा पुऱ्या असतात.

६ ऑगस्ट, बुधवार

पाहिलं: निषादने माझ्या डब्यातली काकडी मागितली. काल आणि परवाही मागितली होती. म्हणाला, "ही वेगळीच लागते."
वाटलं: त्याला घरून डबा मिळत नसावा. बिचारा. उद्यापासून दोन काकड्या नेईन.

८ ऑगस्ट, शुक्रवार

सरांना रत्नाबाईंचा फोन आला. त्यांचं सासवडकडे अंजिरं खोक्यात भरायचं मोठं काम आहे. सरांनी फोन टेबलावर ठेवला आणि आवाज मोठा केला. तशी गरज नव्हती.

"कैलास, तुझं ते रबराचं गांडूळ चालाय लागलं का न्हाई?"

"बोट आहे ते ताई. बोट."

"जे काय आसंल ते. अंजिरं सरत आल्यात. तीस तारखेला येक पाटी घिऊन येते. समदी पाटी तुझ्या गांडुळानं खोक्यात भरायची. येकाची बी साल फाटली तर मी माझ्या वाटंनं जाईन आन तू परत हिंजवडीला जा."

फोन ठेवल्यावर सरांनी पंप बंद केला. मग म्हणाले, लपवून काय करू, रत्नाबाई शेवटच्या आहेत. त्या नाही म्हणाल्या तर शेड बंद. माझे नोकरीतले परीक्षेचे तीन महिने एकतीसला संपतात. तिकडे आत्याने गावभर सांगून ठेवलंय की आमची दीपी यंत्राला बोटं लावती. बोटं नसतील तर दीपी काय लावणार?

सरांनी सगळ्यांना रविवारचं काम दिलंय. जिथे वेल दिसेल तिथे उभं राहायचं आणि तणावा कसा वळतो ते बघून यायचं.

१० ऑगस्ट, रविवार. माले

पाहिलं: परसातल्या मांडवावर काकडीचे बावीस तणावे नीट बघितले. नऊ तणावे हवेत मोकळे आहेत, ते एकाच अंगाने वळलेत. तेरा तणाव्यांनी तार धरलीय. ते तेराही अर्ध्यापर्यंत एका अंगाने वळलेत, मग मध्ये तांदळाच्या दाण्याएवढे सरळ, मग उरलेले अर्धे उलट्या अंगाने.
वाटलं: आमच्या काकडीत काहीतरी खोट आहे. सरांना हे दाखवलं तर वाटेल घरचं बियाणंच बिघडलेलं. चांगले नऊ तेवढे कागदावर चितारून घेतले.

आत्या मागे येऊन उभी राहिली. "काय मोजतीस?"

मी सांगितलं, हे तेरा मध्येच उलटे फिरलेत.

"फिरतील न्हाई तर काय? येक टोक येलात, दुसरं तारंला गुतलेलं. दोन्हीकडनं बांधल्यालं. आता त्यानं आखडायचं म्हणलं तर पीळ कुटं जाईल? मधीच उलटणार. उगा बिचाऱ्या येलाला नावं ठिऊ नगंस."

(ऐकलेलं कुठल्या ओळीत लिहायचं हे आत्याने शिकवलेलं नाही. सध्या कंसात.)

आप्पा, माझे वडील, ओट्यावर कोयत्याच्या मुठीला सुतळी गुंडाळत होते. आमच्या घरात सगळ्या मुठी अशाच बांधतात: आधी खालच्या टोकाकडून मध्यापर्यंत, मग वरच्या टोकाकडून मध्यापर्यंत, आणि गाठ मध्ये. "टोकाला मारल्याली गाठ धा दिसांत सुटती," असं आप्पा मी पाच वर्षांची असल्यापासून सांगतात. खुरप्याची मूठ मी बांधून दिली. हाताला अजून सवय आहे. तेवढंच बरं वाटलं.

१३ ऑगस्ट, बुधवार

काय लिहू?

घोटावड्याजवळ जीप बंद पडली आणि मी पाऊण तास उशिरा पोचले. रबर कालवून तयार होतं, घट्ट होत चाललं होतं. सर म्हणाले, "धम्मदीपा, दोरा! आधी दोरा, मग श्वास!" मी सळई घेतली आणि हात आपले आपण चालले. अनुष्काने वरचा थर ओतला. साचा बंद झाला. मी हात पुसले आणि मग कळलं.

मी कोयत्याची मूठ बांधली होती.

खालून मध्यापर्यंत, वरून मध्यापर्यंत, मध्ये गाठ. सगळा दोरा एका अंगाने जायला हवा, तर माझा अर्धा एकीकडे आणि अर्धा दुसरीकडे. भिंतीवर सरांनी मोठा तक्ता लावलाय: बोटाचा नंबर, तारीख, रबर, दोरा, आणि शेवटचा रकाना "त्रुटी". सात नंबरच्या ओळीपुढे मी पेन घेऊन उभी राहिले. मागून निषादने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "काही नाही, पेन चालत नाही." पेन चालत होतं.

पाहिलं: मी रकाना कोरा सोडला.
वाटलं: खोटं लिहिलं नाही ना. पण कोरं सोडणं म्हणजे काय, हे आत्याला विचारायची हिंमत नाही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

पाहिलं: सात नंबरच्या बोटाने एकेचाळीस पुऱ्या उचलल्या. एकही फुटली नाही. एकही फिरली नाही.

पहिली पुरी सरळ वर आली, लिफ्टमधून आल्यासारखी. दुसरी आली. पाचवीला अनुष्का ओरडली. बाराव्या पुरीत निषादने चिंचेचं पाणी भरलं, तरी ती थेंब न सांडता खोक्यात जाऊन बसली. विसाव्या पुरीला सरांनी पंपाला मिठी मारली. शेजारच्या इमारतीचे वॉचमन काका बघायला आले, त्यांनी खिशातून उकडलेलं अंडं काढलं आणि म्हणाले, "भैया, इसको उठाओ." उचललं. मग अनुष्काचा चष्मा. मग फुगा. मग वॉचमन काकांची टोपी, तीही परत त्यांच्याच डोक्यावर.

सर माझ्याकडे वळले. "धम्मदीपा, तू यात काय केलंस?"

"काही नाही सर."

संध्याकाळी सगळे जोरात हसत होते आणि भुकेले होते, कारण खायला एकही फुटकी पुरी नव्हती.

वाटलं: हे बोट मधोमध फुटणार. गाठ तिथेच आहे. ते रत्नाबाईंसमोरच फुटणार, आणि साल अंजिराची नाही, माझी निघणार.

१८ ऑगस्ट, सोमवार

आठ, नऊ आणि दहा नंबरची बोटं मी देवाशप्पथ बरोबर केली. (आत्या इथे असती तर म्हणाली असती, कुठला देव? बरं. अगदी खरोखर बरोबर केली.) दोरा एकाच अंगाने, प्रत्येक वेढा मोजून. तिन्ही बोटांनी पुऱ्यांचा भुगा केला.

सर वेडे व्हायच्या बेतात आहेत. सात आणि आठमध्ये फरक काय? अनुष्का म्हणते रबराचा डबा वेगळा होता. सर म्हणतात त्या दिवशी हवेत ओल जास्त होती, आणि त्यांनी शेडमध्ये इस्त्रीवाल्याकडून आणलेल्या बाटलीने पाण्याची फवारणी सुरू केलीय. निषाद म्हणाला, "मला वाटतं, हाताचा गुण."

पाहिलं: हे बोलताना तो माझ्या हातांकडे बघत होता.
वाटलं: माझे हात नीट धुतलेले नसावेत. आज चार वेळा साबण लावला.

तीनदा सांगायला गेले. पहिल्यांदा सरांचा फोन वाजला. दुसऱ्यांदा मी "सर, सात नंबर" एवढंच म्हटलं आणि सरांनी डोळे मिटले, "हो, काय बोट आहे! त्याचं नावच काढू नकोस, मला रडू येतं." तिसऱ्यांदा सगळं पाठ करून गेले, तर फवारणीच्या पाण्यावरून घसरले आणि सर म्हणाले, "लागलं का? सुट्टी घे."

२४ ऑगस्ट, रविवार. माले

निषाद आला होता. शुक्रवारी म्हणाला होता, "तुमच्याकडचे तणावे एकदा प्रत्यक्ष बघायला हवेत." नांद्यात कुंपणाकुंपणावर वेल आहेत, पण कामात काटेकोर माणूस आहे तो.

आप्पा म्हणाले, "जय भीम." तो लगेच म्हणाला, "जय भीम काका," आणि चपला नीट जोडून ठेवल्या. आत्याने ते पाहिलं. मग तिची जनगणना सुरू झाली. गाव कुठलं, घरी कोण कोण, बहिणीचं लग्न झालं का, स्वयंपाक येतो का.

"चहा येतो. आणि ऑम्लेट," निषाद म्हणाला.

"आन चपाती?"

"आकार सोडून सगळं येतं."

आत्या हसली. मी मेल्याहून मेल्यासारखी झाले. कामावरच्या माणसाला कुणी असं विचारतं का? जेवायला दोडक्याची भाजी होती. तो आधी म्हणाला, "खरं सांगायचं तर दोडका मला जात नाही." आत्याने वाढलीच. त्याने दोनदा घेतली. दुसऱ्यांदा घेताना डोळ्यात पाणी होतं. तिखट असावं.

जाताना त्याने ओट्यावरचा कोयता उचलला. "काका, गाठ मध्ये का?" आप्पांनी टोकाची गाठ, धा दिवस, सगळं सांगितलं आणि सुतळी घेऊन करूनही दाखवलं: हितनं मधी, तितनं मधी. निषादने मुठीवर बोट फिरवलं. खालून मध्यापर्यंत. वरून मध्यापर्यंत. मग तो थांबला. मांडवाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं.

वाटलं: संपलं. याला कळलं. उद्या सरांना सांगणार.

२५ ऑगस्ट, सोमवार

पाहिलं: निषादने सरांना काहीच सांगितलं नाही. दुपारी मला म्हणाला, "तुला कुणाला काही सांगायचंय का?" मी नाही म्हटलं. तो म्हणाला, "बरं. मी थांबतो."
वाटलं: जीपसाठी थांबणार असेल. पण त्याच्याकडे मोटरसायकल आहे.

२८ ऑगस्ट, गुरुवार

आज सगळं झालं. क्रमाने लिहिते.

अनुष्काने घरचे उकडीचे मोदक आणले होते. सर म्हणाले, परवाच्या अंजिराला याहून चांगली तालीम नाही. सात नंबरने पहिला मोदक धरला, वर नेला, आणि फाट्! बोट सळसळत छतापर्यंत गेलं, मोदक सरांच्या चष्म्यावर. सर तसेच उभे. गूळ-खोबरं नाकावरून खाली येत होतं आणि ते हळूच म्हणाले, "आता?"

सात नंबर एकच होतं. तसं दुसरं करायचं कसं ते कुणाला माहीत नव्हतं. आणि मध्ये फक्त उद्याचा दिवस.

मी रडायला लागले. आणि रडता रडता सगळं बोलून टाकलं. जीप, कोयता, खालून मध्यापर्यंत, वरून मध्यापर्यंत, गाठ, कोरा रकाना, पेन चालत होतं. "मध्ये गाठ होती म्हणून फुटलं सर. चूक माझी. मी आजच जाते, फक्त रकाना भरून जाते."

पाहिलं: सर खुर्चीवर चढले.
वाटलं: रागाने.

ते लोंबणारं बोट काढायला चढले होते. खाली आणून त्यांनी आणि निषादने ते तपासलं. मध्यभाग धड होता. फाटलं होतं ते वरच्या टोकाला, जिथे हवेची नळी जोडतात. निषाद म्हणाला, "तो जोड माझा आहे. चौदा तारखेला घाईत चिकटवला. मलाही लिहायचं राहिलं. राहिलं म्हणजे, लिहिलं नाही."

सरांनी आम्हा दोघांकडे आळीपाळीने बघितलं. "म्हणजे हा रकाना मी भिंतीवर शोभेला लावलाय?"

मग त्यांनी माझ्यापुढे पेन्सिल आणि लाल दोरा ठेवला. "कर. अगदी तसंच."

मी पेन्सिलीवर कोयत्याची मूठ बांधली. सर बघत राहिले. "अर्धा डावा, अर्धा उजवा. बरोबर आहे, पीळ पिळाला खातो, फळ फिरतच नाही! पण मध्ये उलटवायचं हे सुचलं कुठून तुला?"

"सुचलं नाही सर, सवय आहे." आणि ते बोलताना मला मांडव दिसला. तेरा तणावे. तांदळाचा दाणा. मी पिशवीतून ही वही काढली आणि दहा तारखेचं पान सरांपुढे धरलं. सरांनी मोठ्याने वाचलं, "एक टोक वेलात, दुसरं तारेला... दोन्हीकडून बांधलेलं... पीळ मध्येच उलटणार." त्यांचा आवाज चिरका झाला. "हे दहा तारखेला लिहिलंस? आणि मला हे नऊ मोकळे तणावे आणून दाखवलेस?"

"ते चांगले दिसत होते सर."

सर हसले की रडले ते पाहिलं असूनही सांगता येत नाही. चष्म्यावर मोदक होता.

इथपर्यंत ठीक होतं. पण अनुष्का सरांच्या खांद्यावरून वाकली होती आणि डावीकडच्या पानावर सहा तारीख होती. तिनेही मोठ्याने वाचलं. "पाहिलं: निषादने माझ्या डब्यातली काकडी मागितली. वाटलं: त्याला घरून डबा मिळत नसावा. बिचारा."

अनुष्का हसत हसत जमिनीवर बसली. निषादचे कान अंजिरासारखे झाले.

"मला डबा मिळतो," तो म्हणाला. "आई रोज तीन पोळ्या आणि भाजी देते."

"मग काकडी कशाला?" मी विचारलं.

सर अचानक चष्मा पुसायला लागले.

आणखी एक. मी कोयत्याचं सांगितलं तेव्हा सरांना आश्चर्य वाटलं, अनुष्काला वाटलं.

पाहिलं: निषादला वाटलं नाही.

२९ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी अकरा आणि बारा नंबर ओतले. दोरा मी गुंडाळला. बाकीच्यांनाही शिकवायला घेतलं, पण अनुष्का अर्ध्यावर पोचली की सळईच उलटी फिरवते, मग पुन्हा सगळं एकाच अंगाने. "तुमच्या घरी कोयता नाही का?" मी विचारलं. "कोथरूडला?" ती म्हणाली. सर चिडून म्हणाले, "उद्यापासून या शेडमध्ये कोयता येणं सक्तीचं."

नळीचा जोड निषादने तीनदा तपासला आणि तक्त्यावर लिहिलं: "तीनदा तपासला." मी खाली लिहिलं: "त्याने तीनदा तपासताना मी पाहिलं."

बाराने साठ पुऱ्या उचलल्या. सर त्या मोजत नव्हते, गात होते.

३० ऑगस्ट, शनिवार

रत्नाबाई आल्या. ठेंगण्या, नऊवारी, पायात पुरुषी बूट. पाटीवर ओलं फडकं, खाली सत्तेचाळीस अंजिरं. आल्या आल्या बोटाला चिमटा काढला. "मऊ हाय. दाखवा."

सरांनी पंपाचं बटण दाबायला हात नेला आणि माझं तोंड उघडलं. मी ठरवलं नव्हतं. "ताई, आधी एक सांगते. हे बोट फक्त काल आणि आज चाललंय, तेही पुऱ्यांवर. अंजिरावर नाही. आणि याची रीत एका चुकीतून आली. चूक माझी होती, आणि मी ती पंधरा दिवस लपवली."

सरांनी डोळे मिटले. निषादने मिटले नाहीत.

रत्नाबाईंनी मला वरून खाली बघितलं. "पोरी, माझ्याकडं यंत्रवाले लई आले. समद्यांची यंत्रं बरोबर व्हती. अंजिरं तेवढी फुटली. तुझी चूक काय ती दाव."

मी पेन्सिल आणि लाल दोरा काढला. हितनं मध्यापर्यंत, तितनं मध्यापर्यंत. त्या अर्ध्यावरच म्हणाल्या, "आगं, ही तर खुरप्याची मूठ!"

"आमच्याकडे कोयत्याची."

"मग लाव की. वाट कुणाची बघतीस?"

बटण मीच दाबलं. बोट वळलं, टोकाने अंजिराला वेटोळं घातलं, वरचा भाग अर्धा इकडे, अर्धा तिकडे आखडला, मधला दाणाभर भाग तेवढा गरकन फिरला, आणि अंजीर सरळ वर आलं. एक. रत्नाबाईंनी ते खिडकीपाशी नेऊन सगळीकडून बघितलं आणि खोक्यात ठेवलं. दोन. तीन. प्रत्येक अंजीर खिडकीपाशी जाऊन आलं. तिसाव्यानंतर त्या खिडकीपाशी जायच्या थांबल्या. चाळिसाव्यानंतर त्यांनी बूट काढले आणि खुर्चीत मांडी घातली.

सत्तेचाळीस झाली. अठ्ठेचाळिसावं त्यांनी कमरेच्या पिशवीतून काढलं. जांभळं, इतकं पिकलेलं की नुसतं नीट बघितलं तरी फुटेल. "हे माणसाच्या हातानं बी उचलत न्हाईत," त्या म्हणाल्या.

बोट वळलं. अंजीर जरासं दबलं, मग वर आलं, हवेत थांबलं. फिरलं नाही. साल तशीच, वरचा चिकाचा थेंब टपोरा, न ओघळलेला.

रत्नाबाईंनी ते बोटाच्या वेटोळ्यातून स्वतः काढून घेतलं, प्रकाशाकडे धरलं, उलटसुलट केलं. "न्हाई फाटली," म्हणाल्या. "आता फाडते." आणि दोन घासांत खाऊन टाकलं.

हात पदराला पुसत म्हणाल्या, "दिवाळीच्या आत सहा बोटं पायजेत. पर येक सांगते कैलास, मला आशीच चुकीची द्यायची. उगा सुधारायला जाशील."

त्या गेल्यावर सर नाचले. त्याचं वर्णन करत नाही, मला त्यांच्याच हाताखाली काम करायचंय. हो, करायचंय! परीक्षा संपली असं त्यांनी नाचता नाचताच सांगितलं. मग त्यांनी मला तक्त्यापाशी नेलं आणि सात नंबरच्या कोऱ्या रकान्याकडे बोट दाखवलं. मी लिहिलं: "दोरा दोन्ही टोकांकडून मध्ये, गाठ मध्ये. आप्पांची रीत. कारण भीमाआत्याने सांगितलं." सरांनी वरचा "त्रुटी" हा शब्द खोडला आणि तिथे लिहिलं, "कसं केलं".

३१ ऑगस्ट, रविवार. माले

आत्याला रकान्याचं सांगितलं. तिने आधी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माझं नाव भीमाबाई असं पुरं लिवलंस का नुसतं आत्या?" उद्या दुरुस्त करते.

निषाद आला होता. मुठी बांधायला शिकायचंय म्हणाला, सहा बोटांचं काम आहे. दुपारभर आप्पांशेजारी ओट्यावर बसून त्याने विळ्याची एक मूठ चार वेळा बांधली. चौथ्यांदा गाठ बरोबर मध्ये आली, तेव्हा त्याने ती आप्पांना नाही, मला दाखवली.

आत्या सुपात तांदूळ पाखडत होती. मान वर न करता म्हणाली, "तणावे बघून झाले, मूठ शिकून झाली. काकडी बी सरत आली, पावणं. आता फुडल्या रईवारी काय निमित्त काढशीला?"

मला वाटलं जमीन दुभंगावी. निषाद लाल झाला, पण उठला नाही. म्हणाला, "दोडका आहे ना अजून."

पाहिलं: निषाद पुढच्या रविवारी दोडक्यासाठी येणार म्हणाला.
वाटलं: दोडक्यासाठी नाही.